गाडीतलं सातवं गाणं

स्टॅनमोर,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपला दोघांचाही आवाज चढतो, म्हणून लिहितो आहे. जानेवारीत आईला झटका आला तेव्हा तू धावत आलीस. तिच्या खाटेच्या दोन बाजूंना आपण चार दिवस बसलो आणि पार्किंगखेरीज कशावरही बोललो नाही. ते मनात राहिलं आहे.

आई आता घरी आहे. उजवा हात लुळाच आहे. तिला सगळं समजतं, पण शब्द गेले. पाणी हवं असलं तरी ‘ते, ते’ एवढंच येतं, आणि मला कळलं नाही की ती भिंतीकडे तोंड फिरवते. मी जन्मभर हॉस्पिटलात माणसांना भूल दिली आणि जागं केलं. हिच्यापुढे नुसता बसून असतो.

मंगळवारी फिजिओला तिला तिच्याच जुन्या गाडीतून नेलं. गाडी सुरू केली आणि आत राहिलेली सीडी वाजायला लागली. तुझी ती जपानी बाई. बंद करायला हात पुढे केला, तर आईने डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि ती गायला लागली. गुणगुणणं नव्हे. शब्द, स्पष्ट, एकामागून एक, मला न कळणाऱ्या भाषेत. मी गाडी कडेला घेतली. गाणं संपल्यावर ते कुठलं म्हणून विचारलं, तर पुन्हा ‘ते, ते’.

सीडीवर तुझ्या अक्षरात नुसते आकडे आहेत. हे सातवं होतं. ते काय आहे, आणि आईला कसं येतं, ते सविस्तर लिही.

थंडीत प्रकृतीला जपून राहा.
तुझे,
बाबा


एडिनबरा,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने सॅटर्डे क्लासमध्ये असंच सुरू करायला शिकवलं होतं. माझा मराठी कच्चा आहे, चुका सांभाळून घ्या.

सिंगरचं नाव होनामी सेगावा. मी तेरा वर्षांची होते तेव्हापासून आई मला स्कूलला सोडताना हीच सीडी लावायची. पहिलं गाणं एका मुलीचं आहे. ती फेरीबोटीने गाव सोडते, आणि धक्क्यावर तिची आई घाईत चुकीच्या बोटीला हात हलवत राहते. चौथ्यात खूप फास्ट गिटार आहे. दुकानात काम करणारी मुलगी सगळ्यांवर चिडलेली आहे. आई ते सिग्नलला अडकली की म्हणायची.

सातवं होनामीने भाऊ गेल्यावर लिहिलं. स्लो नाही ते, ड्रम्स आहेत. त्यात ती म्हणते, तुझं नाव इतक्या जोरात घेईन की तुला वळून बघावंच लागेल. शेवटी एकच सूर खूप लांब जातो. रेकॉर्डिंगमध्ये तिथे तिचा आवाज फाटला आणि तिने तो तसाच ठेवला. आईला प्रत्येक ओळीचा अर्थ हवा असायचा. मी डिक्शनरी घेऊन बसायचे. माझं जपानी असं सुरू झालं.

तुम्ही त्याला किंचाळणं म्हणायचे. मी मेडिसिन तिसऱ्या वर्षाला सोडून जपानला गेले तेव्हा म्हणालात की एका किंचाळणाऱ्या बाईपायी मुलगी वाया गेली. मग सहा वर्षं तुम्ही फोनवर आला नाही. आई रविवारी गार्डनमधून फोन करायची आणि शेवटी आम्ही दोघी एक गाणं म्हणायचो. त्या गाण्याचं तुम्हाला माहीत नव्हतं. माझा राग अजून गेला नाही, बाबा. तो गेला असं खोटं लिहिणार नाही.

गाण्याचे शब्द देवनागरीत सोबत पाठवते. आईला माझी पापी द्या.
मृणाल


स्टॅनमोर,
९ मार्च २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे कागद फ्रिजवर लावले आहेत. स्पीच थेरपीसाठी जी बाई येते तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बोलण्याची वाट बंद झाली तरी गाण्याची कधीकधी उघडी राहते. मुरलेल्या चालीवर रोजचे शब्द बसवून बघा. मी आईला आपली जुनी भावगीतं ऐकवली. आईने नाही म्हणून मान हलवली. तिला सातवंच हवं आहे.

मग मीच ते वाचून गायलो. आई हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. माझ्या गाण्याचा एवढा उपयोग झाला.

चाल तुला येते आणि आईला काय म्हणायचं असतं तेही तुला ठाऊक. तेव्हा शब्द तूच बसव.

सहा वर्षांबद्दल लिहायला तीनदा बसलो. तू तेव्हा बरोबर होतीस असं अजूनही लिहिता येत नाही. पण मी फोनपासून दूर राहिलो ते चूक होतं. आई बागेत जायची तेव्हा मी खिडकीतून बघत असे. ती कोणाशी बोलते ते मला माहीत होतं.

ईस्टरला येशील का?
तुझे,
बाबा


एडिनबरा,
१५ मार्च २०२५

ती. बाबांस,
सा. न.

येते. गुड फ्रायडेला सकाळची ट्रेन आहे.

शब्द बसवलेत. ‘पाणी दे’, ‘थांब जरा’, ‘पाय दुखतो’, ‘पुरे आता’. डाव्या हाताने मांडीवर ताल द्यायला सांगा. लांब सूर शेवटच्या शब्दावर येऊ दे.

तुम्ही खिडकीत होता ते आईला माहीत होतं. तिनेच मला सांगितलं होतं.
मृणाल


स्टॅनमोर,
२७ एप्रिल २०२५

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचल्याचा मेसेज मिळाला. ईस्टरच्या शनिवारी गाडीत झालं त्याबद्दल लिहायचं आहे, कारण तू मागे बसली होतीस आणि तुला आईचा चेहरा दिसला नाही.

आपण पुन्हा त्याच विषयावर आलो होतो. मी म्हणालो की डॉक्टर असतीस तर आज आईच्या उपयोगी पडली असतीस. तू म्हणालीस की आईला जे परत मिळालं ते त्या सीडीतून मिळालं. दोघांचाही आवाज वाढला होता. तेव्हा आईचा डावा हात मांडीवर पडायला लागला. मला वाटलं, तिला त्रास होतोय. तिचे ओठ दोनदा उघडले आणि मिटले. तिच्या चेहऱ्यावर भीती होती, मृणाल. शब्द येईल की नाही याची. मग त्या चालीवर तिने सुरू केलं, “अहो, पुरे आता.” ‘अहो’ तू बसवलेलं नव्हतंस. ते तिचं स्वतःचं. शेवटचा सूर तिने ओढला, तिथे आवाज फाटला, तरी ती थांबली नाही. आणि म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. आरशात तुला शोधत होती.

डॉक्टरांनी परवा स्पष्ट सांगितलं की बोलणं पूर्ण परत येणार नाही. तिच्याजवळ आता अकरा शब्द आहेत, तेही सुरात. मग घरी आल्यावर तिने भिंतीवरच्या नकाशात एडिनबरावर बोट ठेवलं आणि ते उचलेना.

तेव्हा जूनमध्ये आम्ही दोघं येतो. रोज तिला जिन्याच्या चार पायऱ्या चढवतो आहे. तुझ्या घरी मी कधी आलो नाही. कितवा मजला, आणि पायऱ्या एकूण किती, ते मोजून कळव. तेवढी तयारी करून घेतो.

आईचे आणि माझे आशीर्वाद.
बाबा