शुक्राच्या ओळीतली दुरुस्ती

२ जून, सोमवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची. रोज सकाळी चालायला जायचं. चहात अर्धाच चमचा साखर.

छापखान्यात प्रूफं तपासायला लागून आज सव्वीस वर्षं झाली. सव्वीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक बाहेर गेलेली नाही. गेली असती तर कुणीतरी सांगितलं असतं.

नवीन काम आलंय. सूर्यमालेचा तक्ता, शाळांच्या भिंतींसाठी. वर रंगीत चित्र, खाली कोष्टक. आठ ग्रह, आणि प्रत्येकाचा व्यास, वस्तुमान, घनता, स्वतःभोवतीच्या फेरीला किती वेळ, सूर्याभोवतीच्या फेरीला किती वेळ, आस किती कललेला. पहिलं वाचन टाचणीचं, दुसरं आणि शेवटचं माझं. टाचणी म्हणजे माझी असिस्टंट. शंका आली की प्रुफाला चिठ्ठी टाचते, म्हणून मी ठेवलेलं नाव. तिला आवडतं की नाही, विचारलेलं नाही.

३ जून, मंगळवार
चालायला गेलो नाही. बूट चावतात. नवे घ्यायला हवेत, मग नियमित.

४ जून, बुधवार, दुपारी ३
कोष्टक हातात घेतलं. ग्रह हा प्रकार दिसतो तितका सरळ नाही. गुरू एवढा अगडबंब, पण दहा तासांच्या आत स्वतःभोवती गिरकी घेतो. युरेनस चक्क आडवा पडून फिरतो. शनीची घनता पाण्याहून कमी! टाचणीला विचारलं, हे काय? ती म्हणाली, बरोबर आहे काका, दोन पुस्तकांत बघितलंय. म्हटलं, असू दे. मी हट्टी माणूस नाही.

पण शुक्राच्या ओळीत मात्र पकडलं. स्वतःभोवती एक फेरी २४३ दिवस, सूर्याभोवती एक फेरी २२५ दिवस. म्हणजे स्वतःभोवतीची गिरकी संपायच्या आत वर्ष संपलं! कंपोझिंगवाल्याने आकडे उलटसुलट केले, दुसरं काय. टाचणीने तिथे चिठ्ठी टाचली होती: "विचित्र वाटतं, पण हेच बरोबर. बदलू नये." मी तिला समोर बसवून वीस मिनिटं प्रेमाने समजावलं. पुस्तकं माणसंच लिहितात, आपण डोकं वापरायचं असतं. ती गप्प बसली. पटलं असावं.

लाल शाईने आकडे अदलाबदल केले. खाली सही. चिठ्ठी काढून टाकली, प्रूफ गबाळं दिसत होतं.

१२ जून, गुरुवार
तक्ता छापून आला. देखणा झालाय. एक घरी आणून बाहेरच्या खोलीत लावला. बायको म्हणाली, थोडा डावीकडे घ्या, म्हणजे ओलीचा डाग झाकला जाईल. घेतला.

२३ जून, सोमवार
एका शाळेतल्या भूगोलाच्या मास्तरांचं पत्र आलंय. तक्ता सुंदर आहे, मुलांना आवडला, फक्त शुक्राचे दोन आकडे उलट पडलेत, सहावीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं.

सहावीतली मुलगी.

संध्याकाळी ६. वाचनालयात जाऊन तीन पुस्तकं बघितली. तिन्हींत २४३ आणि २२५. एकमेकांची नक्कल केली असणार.

संध्याकाळी ७. चौथं पुस्तक. शुक्र फार सावकाश फिरतो आणि तोही उलट्या दिशेने. म्हणजे गिरकीला वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो. टाचणीने चिठ्ठीत लिहिलं होतं तेच: विचित्र, पण बरोबर.

उद्या सकाळी पहिलं काम, मालकांना सांगायचं. चूक कबूल करायला मोठेपणा लागतो आणि तो माझ्यात आहे.

२४ जून, मंगळवार
सांगणारच होतो, पण मालकांनी आधीच सगळ्यांना चहाच्या खोलीत बोलावलं. मी, टाचणी, मशीनमन, बाइंडर. पत्र हातात. विचारलं, हे कोष्टक कुणी वाचलं होतं?

मी म्हणालो, "पहिलं वाचन हिचं होतं."

हे शंभर टक्के खरं आहे. दुसऱ्या वाचनाबद्दल कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. टाचणीने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. ती काही बोलली नाही. का बोलली नाही ते तिचं तिला ठाऊक.

रात्रीचं जेवण गेलं नाही. वांग्याची भाजी होती म्हणून असेल.

२५ जून, बुधवार
टाचणीला खाली लेबल विभागात पाठवलंय. औषधांच्या बाटल्यांची लेबलं, खोक्यांवरची पट्टी वगैरे. हा मालकांचा निर्णय, माझा यात हात नाही. उलट मी म्हणालो, पोरगी मेहनती आहे. मालक म्हणाले, बघा, तुम्ही अजून तिची बाजू घेताय. मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

जाताना तिने टाचण्यांची डबी माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाली, खाली लागणार नाहीत.

उद्या नक्की.

२६ जून, गुरुवार
मालकांना सर्दी. अशा अवस्थेत माणसाला त्रास देणं बरं नव्हे.

२७ जून, शुक्रवार
मालक मजेत होते. मूड कशाला घालवा.

३० जून, सोमवार
मालक भडकलेले. आज तर प्रश्नच नव्हता.

लाल शाईचं ते प्रूफ मात्र घरी आणून ठेवलंय. ऑफिसात हरवलं असतं. लपवलेलं नाही, जपलंय.

२ जुलै, बुधवार
बायकोने माझ्या कपाटातले खण आवरले आणि बनियनच्या खणात जुना कागद पसरला. कुठला, ते सांगायला नको. शुक्राची ओळ बरोबर वर आणि खाली माझी सही. रोज सकाळी एक बनियन उचलायचा आणि त्याखाली लाल शाई. कागद बदलून दे म्हणावं तर का ते सांगावं लागेल.

४ जुलै, शुक्रवार
जिन्यात टाचणी भेटली. मीच थांबून विचारलं, खाली कसं काय? ती म्हणाली, ठीक. एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं. मग मला समजूत काढता आली असती, आणि समजूत काढण्यात मी चांगला आहे.

५ जुलै, शनिवार
योजना सुचली! कबुलीने काय होतं? कबुली म्हणजे नुसते शब्द. खरं प्रायश्चित्त म्हणजे चूक दुरुस्त करणं. रजिस्टरमधून शाळांची यादी उतरवली. शहरात सेहेचाळीस. दोन छोटे स्टिकर, एकावर २४३ दिवस, दुसऱ्यावर २२५ दिवस. ऑफिसच्या आधी रोज तीन शाळा, सोळा दिवसांत शहर साफ. मग मालकांना सांगायचं: चूक माझी होती, आणि ती आता कुठेच नाही. टाचणीही वर येईल. हे आधी का सुचलं नाही!

स्टिकर चौकातल्या दुकानात टाइप करून घेतले. आपल्या छापखान्यात केले असते तर ते लेबल विभागातून, म्हणजे तिच्या नजरेखालून गेले असते.

८ जुलै, मंगळवार
पहिली शाळा. शिपायाला म्हटलं, तक्ता तपासायला आलोय. खोटं नाही. वर्ग भरलेला होता. बाकावर चढून स्टिकर लावताना साठ डोळे पाठीवर. बाईंनी मुलांना सांगितलं, बघा, इतके मोठे असून चूक सुधारायला स्वतः आलेत. मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाकावरून उतरताना बाईंचा हात धरावा लागला. बाक जुना होता.

दिवसाला तीन जमणार नाहीत. एक पुरे.

१७ जुलै, गुरुवार
आजवर नऊ शाळा. मन हलकं व्हायला हवं होतं. बायकोने विचारलं, रोज सकाळी खण उघडून दोन दोन मिनिटं उभे का राहता? म्हटलं, बनियन निवडतो. ती म्हणाली, सगळे पांढरेच तर आहेत.

१८ जुलै, शुक्रवार
दहावी शाळा नेमकी त्या भूगोलाच्या मास्तरांची. सडपातळ गृहस्थ, आवाज मऊ. त्यांनी तक्त्यावर पेनाने दुरुस्ती आधीच केली होती. तरी म्हणाले, स्टिकर लावा, छान दिसेल. हातात घेतला, वाचला आणि परत दिला. म्हणाले, हा २३४ आहे.

खिशातले सगळे काढून बघितले. २४३ चे सगळे २३४. टाइप करताना मी दुकानदाराच्या खांद्याशी उभा होतो. स्क्रीनवर वाचलं, कागदावर वाचलं, ओके म्हटलं.

म्हणजे नऊ शाळांत आता माझ्या चुकीवर माझीच दुसरी चूक चिकटवलेली आहे. आणि तिला टाळ्या पडल्यात.

मास्तरांनी पाणी दिलं. सहज विचारलं, तुमच्याकडे हे कुणी वाचत नाही का? म्हटलं, एक जण होती. मग काय झालं, त्यांनी विचारलं. मला घाईचं काम आठवलं.

१९ जुलै, शनिवार
बायकोला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मला वाटलं आता धीर देईल, होतं असं कधीकधी, वगैरे. तिने एकच विचारलं, त्या मुलीच्या घरी तिने काय सांगितलं असेल?

हा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. इतक्या दिवसांत एकदाही नाही.

२१ जुलै, सोमवार, सकाळी ११
मालकांच्या केबिनमध्ये गेलो. प्रूफ खणातून काढून नेलं होतं, पुरावा म्हणून. सगळं सांगितलं. राजीनाम्याचीही तयारी ठेवली होती, म्हणजे मनातल्या मनात.

मालक फोनची वाट बघत होते. म्हणाले, बरं. मग म्हणाले, तक्ते संपलेत, पुन्हा छापू तेव्हा दुरुस्त करा. मी विचारलं, आणि ती? म्हणाले, ती खाली चांगलं काम करतेय, औषधवाले खूश आहेत. तिला सांगायचं तर सांगा तुम्ही. फोन आला.

महिनाभर ज्याला घाबरलो ते दीड मिनिटात संपलं. संपलं तेही अर्धंच.

दुपारी ४. खाली गेलो. ती खोकल्याच्या औषधाचं लेबल वाचत होती, पट्टी ठेवून, एकेक अक्षर. मी मोठं भाषण तयार केलं होतं. ते अर्ध्यात आल्यावर तिने पट्टी बाजूला ठेवली. म्हणाली, "मला नका सांगू, काका. मला माहीत आहे. ज्यांच्यासमोर तुम्ही गप्प बसलात, त्यांना सांगा."

चहाच्या खोलीत, तेच चौघं, एक वाक्य. बाकी तिला काही नको.

एकच वाक्य! उद्याच.

२२ जुलै, मंगळवार
बाइंडर रजेवर. चौघं पूर्ण झाले नाहीत.

२३ जुलै, बुधवार
सगळे होते. वाक्य तयार नव्हतं. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करतोय, स्वतःचं निष्काळजीपणे कसं बोलणार?

पहिला खर्डा: शुक्राच्या ओळीतली चूक माझी होती. (फार त्रोटक.)
दुसरा: शुक्राच्या ओळीतल्या चुकीत माझाही वाटा होता. (जास्त समतोल.)
तिसरा: त्या वेळी उपलब्ध माहितीवरून शुक्राच्या ओळीत काही बदल केले गेले. (भाषा चांगली.)

२५ जुलै, शुक्रवार
सातवा खर्डा. यात शुक्रही उरलेला नाही.

बायकोला वाचून दाखवला. तिने विचारलं, कुणाबद्दल आहे हे?

२८ जुलै, सोमवार, संध्याकाळी
चहाची खोली. मशीनमन, बाइंडर, मी. टाचणी निरोप मिळाल्यावर खालून आली, दाराजवळ कप घेऊन उभी राहिली. मालक आले नाहीत, म्हणाले तुमचं चालू द्या. मी उठलो. कागद खिशात होता, काढला नाही. म्हणालो, "त्या ग्रहांच्या तक्त्यात एक चूक झाली होती."

तिने कप खाली ठेवला.

"झाली नव्हती, काका. केली होती."

आवाज चढवला नव्हता. चिठ्ठी टाचताना असायचा तसाच.

"केली होती," मी म्हणालो. "मी केली होती. हिने बरोबर लिहिलं होतं. हिची चिठ्ठी मी काढून टाकली, आणि त्या दिवशी इथेच गप्प बसलो."

मशीनमनने मान हलवली. बाइंडरला वाटलं होतं मी रिटायर होतोय, म्हणून तो हात पुसून उभा राहिला होता, तो परत बसला. मग साखरेचा डबा कुणाकडे आहे, यावर बोलणं गेलं.

मला वाटलं होतं छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. फक्त आता ते किती आहे ते कळतं.

जिन्यात तिला गाठून म्हटलं, वर ये परत, मालकांशी मी बोलतो. ती म्हणाली, नको. खाली मी जे वाचते तेच छापलं जातं, माझ्यानंतर कुणी सुधारत नाही. घरी आईला आज सांगेन म्हणाली, एवढं बरं झालं. खाली गेली. मी तिचं नाव घेऊन थँक्यू म्हणालो. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली असेन.

वर आलो तर टेबलावर नवीन काम येऊन पडलं होतं. जगातल्या नद्यांचा तक्ता. लांबी, उगम, मुख. पहिलं वाचन माझं, दुसरंही माझं. दुसरं माणूस नाही.

ऑफिस सुटेपर्यंत चार वेळा वाचलं. एकही चूक दिसली नाही.

फार भीती वाटते आहे.