शेजारच्या घरचा कडू घास

माय, तुझ्यावर चिडून लिहितोय. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण तू कुठं धड मेलीस? इतकी वर्षं झाली, तरी माझ्या हातापायांवर अजून तुझाच हुकूम चालतो. परवा त्याच हुकमानं मला शेजारच्या काकूंच्या दारात नेऊन उभं केलं, एका हातात बेसनाचं पातेलं, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

काका गेले. सकाळी चहा पिताना बसल्या बसल्याच गेले. माणूस गेला की त्या घरची चूल पेटत नाही, मयत उरकून आलेल्यांना शेजाऱ्यांनी कडू घास खाऊ घालायचा, आणि पहिला घास भिंतीला भिंत लागलेल्या घरचा, हे सगळं मला तुझ्याकडूनच कळलं. शेताच्या धुऱ्यावरून बाबांशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या माणसाच्या घरी मौत झाली, तेव्हाही तू भाकरी थापल्यास आणि डबा माझ्यापुढं धरलास. मी म्हटलं, मी नाही जात त्याच्या घरी. पिठाच्या हातानं तू अशी ठेवून दिलीस की गालावर पांढरी बोटं उठली. "भांडण जित्याशी असते," तू म्हणालीस. "मयतीच्या घरी फक्त भूक असते. जाय." मी रडत रडत गेलो, आणि तेव्हापासून जातोच आहे.

आता तुझ्या सुनेचं ऐक. महामारीत तिला खामगावच्या दवाखान्यात नेलं, ती तिथंच गेली. तोंड पाहायला मिळालं नाही, तेव्हा कोणालाच मिळत नव्हतं. प्लास्टिकमध्ये बांधलेली ती तीच, हे मी दुसऱ्याच्या शब्दावर मानलं. दुपारी एकटाच घरी आलो, आंघोळ केली, ओसरीत बसलो. काकूंचं दार बंद. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायला कोण जात होतं? तुझी सून. मी अंधार पडेपर्यंत त्या दाराकडे पाहत राहिलो. भूक लागली होती, माय. बायको जाळून आल्यावर भूक लागते, याची लाज वाटत होती. शेवटी डब्यातली नरम पडलेली बिस्किटं पाण्यासोबत गिळली.

पुढं सगळं मोकळं झाल्यावर काकू पहिल्यांदा भिंतीपाशी येऊन बोलल्या, त्या काय, तर "काय करता बाप्पा, साऱ्या देशावरच आलं होतं." वा! देशावर आलं होतं, म्हणून कोणाचंच काही चुकलं नाही. चौकात सभा झाली, गेलेल्यांसाठी सगळे खाली मान घालून उभे राहिले, मग चहा झाला. ज्यांनी तेव्हा गल्लीच्या तोंडाशी काट्या टाकून वाट बंद केली होती, तेच माईकवर माणुसकी सांगत होते. आणि मी काय केलं? काकू दिसल्या की "बऱ्या आहात ना" म्हणत राहिलो. मळ्यातला हिरवा सांबार निघाला की एक जुडी भिंतीवर ठेवत राहिलो. तुझं वळण! कधी कधी वाटतं, तू मला माणूस करायला गेलीस आणि पायपुसणं करून ठेवलंस.

तर परवा. भाकरी मीच थापल्या, वाकड्यातिकड्या, एक तर करपलीच. काकूंनी ताट पुढं ओढलं, घास तोंडापाशी नेला आणि थांबल्या.

"त्या दिवशी मी बेसन केलं होतं," त्या म्हणाल्या. "भिंतीपर्यंत आणलं. तू ओसरीत बसलेला दिसत होता. मग मले भेव वाटलं, वापस नेलं."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "मग काय केलं त्याचं?"

"खाल्लं आम्ही," काकू म्हणाल्या. "अन्न टाकता येते का?"

इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्यांच्या मनातच आलं नसेल. आलं होतं. शिजलंही होतं. मी इकडं बिस्किटं गिळत होतो आणि माझ्या वाटचं बेसन भिंतीपलीकडं दोघं नवराबायको खात होते. पातेलं उचलून अंगणात फेकावं असं वाटलं. पण घरात माणसं बसली होती. मी काकूंच्या ताटात आणखी एक पळी वाढली आणि म्हटलं, घ्या काकू, सकाळपासून उपाशी आहात. त्या जेवल्या, पोटभर जेवल्या.

आता गल्ली म्हणतेय, मोठ्या मनाचा माणूस, माफ केलं त्यानं. डोंबलाची माफी! मी काही माफ केलेलं नाही, आणि तू वरून कितीही डोळे वटारलेस तरी करणार नाही.

हे कागद मी घरात ठेवणार नाही, फाडून चुलीत घालणार आहे, म्हणून एक सांगून टाकतो. तुझ्या हुकमानं गेलो म्हणालो, ते काही पुरतं खरं नाही. परवा सकाळी भिंतीपलीकडून काकूंचं रडणं ऐकू आलं, तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आज बसू दे हिलाही उपाशी. आणि मला बरं वाटलं, माय. तुझी सून गेल्यापासून इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. त्याचीच भीती वाटली, म्हणून उठलो आणि पीठ मळायला घेतलं.