टाकीचा बॅकअप

दि. १४ मार्च

चि. बारकीस, ताईचे आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे, आईही बरी आहे. फोनवर नीट बोलता येत नाही. आईला फोन स्पीकरवर लागतो, आणि तू बोलत असलीस की तिला मध्ये दुसरं कुणी बोललेलं खपत नाही. म्हणून लिहायला बसले.

फोन केलास की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा, ‘ताई, वीज गेली तर माशांच्या टाकीच्या बॅकअपचं काय ठरवलंस?’ त्याचं उत्तर आधी सविस्तर देते, म्हणजे मी हलगर्जीपणा केला असं तुझ्या मनात राहायला नको.

इथे वीज आता कधीही जाते. तू पाठवलेले सगळे व्हिडिओ मी पाहिले. दातांच्या लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. माझ्या शेजारी कवळ्यांना पॉलिश करणारी बाई बसते, ती डोकावून म्हणाली, “माशांसाठी एवढं? आमच्याकडे माणसं घामाने भिजतात, त्यांना कुणी विचारत नाही.” मी हसून वेळ मारून नेली. काय सांगणार तिला? धाकट्या बहिणीने ‘दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे’ म्हणून चार फुटांची टाकी दिवाणखान्यात आणून ठेवली, आणि त्याला आता किती वर्षं झाली ते आम्ही मोजत नाही?

आधी लॅबमधला जुना यूपीएस आणून लावून पाहिला, कॉम्प्युटरचा असतो तो. वीज गेल्यावर तो जेमतेम पाव तास चालला आणि तेवढा वेळ कोकलत राहिला. आई उठून गॅस बंद आहे का बघून आली. तो परत नेला.

मग फिश टँकच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने बॅटरीवरचा हवेचा पंप दाखवला. वीज गेली की आपोआप सुरू होतो. तो म्हणाला, “हवा सुटत राहिली की मासे तगतात. हीटर काही तास बंद राहिला तर बिघडत नाही, टाकीला जाड चादर गुंडाळा. फक्त त्या वेळी खायला घालू नका.” तो पंप मी घेतला.

इन्व्हर्टरही घेतला. पण तो आईच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी. तिला तेव्हा दुपारी काही तास आणि रात्री झोपताना मशीन लागायचं, हे तुला मी सांगितलं होतं. तू म्हणाली होतीस, ‘हो का? बरं.’ वायरमनने तिच्या पलंगाशेजारी एकच सॉकेट काढून दिलं आणि बजावलं, “हे मशीन एकटं असेल तर बॅटरी दोन-तीन तास ओढेल. यात दुसरं काही खुपसू नका. तो टाकीचा हीटर लावलात तर दोन्ही बसतील.”

तर असं ठरलं होतं. आईला मशीन, माशांना पंप. मला ते बरोबर वाटलं होतं, अजूनही वाटतं. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, “पंपाने काय होतंय ताई? डिस्कस जातीचे मासे आहेत ते, नाजूक असतात. फिल्टर आणि हीटर बंद पडला की संपलं. पण जाऊ दे, तुला जमेल तसं कर.” मला वाटलं, विषय मिटला.

विषय मिटला नव्हता. मी कामावर असताना तू आईला फोन केलास. नाही म्हणू नकोस, शेजारच्या काकू तेव्हा तिच्याजवळ बसल्या होत्या. एक्स्टेन्शन बोर्ड कुठल्या कपाटात आहे, पलंगाजवळच्या सॉकेटमधून तो टाकीपर्यंत कसा ओढायचा, कुठली पिन कुठली, हे तू तिला समजावून सांगितलंस. आई काकूंना कौतुकाने म्हणाली, “बघा, इतक्या लांबून सगळं लक्षात असतं तिच्या.” एका दिवसाच्या प्रवासावर राहतेस तू, बारके. आईला ते सातासमुद्रापलीकडे वाटतं.

पुढचं मी तुला सांगितलं नाही, कारण आईने शपथ घातली होती. आता ती मोडते.

गेल्या महिन्याच्या अखेरीला आमच्या गल्लीतला ट्रान्सफॉर्मर जळाला. मी सकाळी कामाला निघाले आणि मागोमाग वीज गेली. आईने बोर्ड काढला आणि फिल्टर, हीटर दोन्ही जोडले. काकू डबा द्यायला आल्या तोवर इन्व्हर्टर शिट्ट्या मारायला लागला होता. त्यांच्यासमोर आईने नाकातली नळी काढली आणि मशीनची पिन ओढून ठेवली. काकू म्हणाल्या, “अहो, हे काय करताय?” तर म्हणाली, “मला काय होतंय? मी अशी बसून राहते. त्या मुक्या जिवांना कोण बघणार? बारकी विचारेल मला.”

काकूंनी मला लगेच फोन केला. मी मेणाच्या साच्यावर काम करत होते, फोन पर्समध्ये होता. पाहिला तेव्हा बराच उशीर झाला होता. घरी पोचले तर आई टाकीसमोरच्या खुर्चीत बसलेली, ओठ निळे पडलेले, आणि काकू पंख्याऐवजी ताट हलवत होत्या. राखीव सिलिंडर घरात होता, पण त्याची चावी कशी फिरवायची ते त्या दोघींनाही माहीत नव्हतं. ते मी शिकवायला हवं होतं. तू तिला बोर्ड जोडायला शिकवलंस तसं.

ती दवाखान्यात आठवडाभर होती. पहिले काही दिवस अतिदक्षता विभागात. फोन केलास की मी ‘आई झोपली आहे’ म्हणायचे, ते खोटं नव्हतं. मी रजा टाकून तिच्याजवळ बसायचे. एकदा कपडे बदलायला घरी आले. दार उघडलं तर तुझे सगळे मासे काचेशी गोळा झाले, खायला मागायला. एकही मेला नव्हता. मस्त गुटगुटीत होते. मला त्यांचा इतका राग आला की मी तिथेच खाली बसले. मग उठून त्यांना खायला घातलं.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या माणसाला बोलावून मासे आणि टाकी दोन्ही देऊन टाकलं. तो विचारत होता, “एवढे छान मासे का देताय?” मी म्हटलं, “जागा नाही.” तुला विचारलं नाही. विचारणार नव्हते.

आता आई घरी आहे. मशीन तिला दिवसभर लागतं. न्हाणीघरापर्यंत धरून न्यावं लागतं, परत आणेपर्यंत ती दमते. डॉक्टर म्हणाले, यापुढे असंच.

घरी आली त्या दिवशी तिने भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, “टाकी कुठंय?”

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, “बारकी घेऊन गेली.”

“ती आली होती?”

“हो. गाडी घेऊन आली होती.”

“आणि मला न भेटता गेली?”

तिचा चेहरा असा झाला की मला पुढे जावंच लागलं. म्हटलं, “भेटली ना. दवाखान्यात आली होती. तू गुंगीत होतीस. तुझा हात धरून बसली होती बराच वेळ.”

आईने मांडीवरचा हात उलटून पाहिला. मग म्हणाली, “आठवतंय मला. कुणीतरी हात धरला होता. मला वाटलंच होतं, तीच असणार.”

बारके, तिथे मी होते. दुसरं कुणीही नव्हतं. मी खरं सांगायला निघाले होते, पण ती हसत होती. दवाखान्यातून आल्यावर पहिल्यांदा हसली. मग तिने विचारलं, “जेवली का ती?” मी म्हटलं, जेवली.

त्यानंतर काकूंना, दूधवाल्याला, मशीन तपासायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना तिने सांगून झालं, धाकटी येऊन गेली. हात धरून बसली होती. सांगताना तिला धाप लागते, तरी सांगते. मी स्वयंपाकघरात ऐकत असते.

तुझ्याशी बोलायचं म्हणून ती मागे लागली आहे. मी टाळते आहे, पण किती दिवस टाळणार? हे पत्र मिळालं की फोन कर. ती विचारेल, ‘मासे कसे आहेत?’ छान आहेत म्हण. दवाखान्याचं विचारेल, तर काय सांगायचं ते वर लिहिलं आहे. कुठला हात विचारलं तर उजवा. डाव्याला सलाईन होतं.

ये असं लिहीत नाही. तिच्या लेखी तू येऊन गेलीस.

तुझी,
ताई