मोनाला लाल कार्ड मिळण्याबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी महोदया,
शिशु विकास तपासणी केंद्र, भिलाई

विषय : माझी मुलगी मोना, वय तीन वर्षे, हिला तपासणीत नापास करणेबाबत.
संदर्भ : आपल्या पथकाचे हिरवे कार्ड, शेरा "सर्व ठीक".

महोदया,

१. मी भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहते. पती अमरदीप यार्डात ड्युटीवर असतात. समोर शालूबाई मेश्राम राहतात. त्यांचा राजदीप माझ्या मोनाहून एका महिन्याने मोठा. आपण नागपूरकडच्या असून शालूबाईंशी मराठीत बोलता, हे त्यांनी मला दोनदा ऐकवले. सबब मीही मराठीतच अर्ज करीत आहे.

२. मार्चमध्ये अंगणवाडीतल्या तपासणीत राजदीपला, तो बोलत नाही म्हणून, लाल कार्ड मिळाले. तेव्हापासून दर मंगळवारी व शुक्रवारी आपल्या मॅडम त्याच्या घरी येतात. तास तास जमिनीवर बसून खेळतात. लाकडी कड्या, आरसा, रंगीत मणी आणतात. शालूबाई दार उघडे ठेवतात व मला सर्व दिसते. त्या मुद्दाम ठेवतात, अशी माझी तक्रार आहे.

३. गेल्या शुक्रवारी शालूबाई धावत माझ्या दारात आल्या. म्हणाल्या, "प्रेरणा, राजदीपनं मले आई म्हटलं वो." मी हसलेसुद्धा नाही. कुकर लावायचा आहे म्हणून दार लावून घेतले. कुकर लावायचा नव्हता. मला त्यांचा हेवा वाटतो, आपल्यापासून लपवून उपयोग नाही.

मोना मला अजून काहीच म्हणत नाही.

४. आता कार्डाबाबत. मार्चमध्ये राजदीपची तपासणी सोमवारी झाली, मोनाची त्याच आठवड्यात बुधवारी. काय काय विचारतात ते मी शालूबाईंकडून काढून घेतले आणि दोन दिवस परीक्षेसारखी तयारी करून घेतली. नाकाला बोट, ठोकळ्यावर ठोकळा, टाटा. दरेक वेळी एक बिस्किट. आपल्या ताईंनी मागून मोनाला नावाने हाक मारली, तेव्हा मी त्यांच्याच बाजूला उभी राहून पदराआड पुडा वाजवला. मोना वळली. ताईंनी बरोबरची खूण केली. ते हिरवे कार्ड मी साऱ्या लाइनीत दाखवत फिरले. सर्वांत आधी शालूबाईंना. त्या रडून राहिल्या होत्या, तरी दाखवले.

५. नावाने मोना आजवर कधी वळलेली नाही. पुड्याला वळते.

करिता विनंती की, सदर हिरवे कार्ड रद्द करून मोनाची फेरतपासणी व्हावी. त्या दिवशी मी खोलीत येणार नाही, बाहेर चपला काढतात तिथे थांबेन. मोनाला शालूबाई आत आणतील. मी विचारले तर त्या लगेच हो म्हणाल्या. त्याचाही मला राग आला.

मंगळवार-शुक्रवार भरले असल्यास कोणताही वार चालेल. दार मीही उघडे ठेवीन.

आपल्या लाल कार्डाची वाट पाहणारी,
सौ. प्रेरणा अमरदीप खोब्रागडे
भिलाई-३, दि. ११ ऑगस्ट

सोबत :
१) हिरवे कार्ड, मूळ प्रत, परत.
२) बिस्किटाचा पुडा, अर्धा. घरात ठेववत नाही.