दुसऱ्यांदा

मालतीअक्का,

नोकरी सुटली, एवढंच तुला फोनवर सांगितलं. उरलेलं इथे लिहितेय. हे पत्र मी तुला पाठवणार नाही.

मेटगळ्ळीच्या आमच्या शिलाई कारखान्यात मॅनेजर कृष्णमूर्ती तीन वर्षं मला सगळ्यांसमोर 'कत्ते' म्हणायचा, गाढव. बिघडलेला शर्ट तोंडावर फेकायचा. सुपरवायझर असूनही मी तो वाकून उचलायची.

सोमवारी माझ्या हाताखालच्या नागरत्नाच्या हातून इस्त्री करताना एक कॉलर करपली. कृष्णमूर्तीने तिचं मनगट धरून तळवा तापलेल्या इस्त्रीवर दाबला. म्हणाला, "आता कळलं, कापड कसं जळतं?"

मी त्याला ढकललं, इस्त्री उचलली आणि त्याच्या गालावर टेकवली. तो किंचाळत खाली बसला. कातडीचा वास सुटला. सगळ्या मशिनी थांबल्या, पण मला अडवायला कुणी उठलं नाही. शेवटी नागरत्नानेच भाजलेल्या हाताने मला मागे ओढलं. "मॅडम, साकु, साकु," म्हणाली, म्हणजे बस झालं.

पोलिसांना तिने सांगितलं की मॅडमनी मला सोडवायला एकदाच इस्त्री टेकवली.

अक्का, मी दोनदा टेकवली. दुसऱ्यांदा त्याने माझ्यापुढे हात जोडले होते. मला वाईट वाटेल म्हणून चार दिवस वाट बघतेय. अजून वाटलेलं नाही.

तुझी धाकटी,
अमूल्या