यजमान अळी

सोमवार, १ जून

कोबीवरची अळी एक आणि तिच्यावर टपलेल्या गांधीलमाश्या दोन — तांबडी आणि काळी. मुंगीएवढ्याच, पण दोघीही अळीच्या पोटात अंडं घालतात. पिल्लू आतून अळी खाऊन बाहेर पडतं. शेतात दोन्ही सोडायच्या की एकच, ते मला शोधायचंय. साहेब म्हणतात, दोन्ही सोडा, दुप्पट फडशा पडेल. बघू.

वकीलबाईंचा फोन. मुलीच्या ताब्याच्या खटल्याची तारीख लागली. खारू नवऱ्यालाही हवी, मलाही. "मुलीलाच विचारतील, कुणाकडे राहायचं. तयार करून ठेवा तिला."

बुधवार, ३ जून

खारू सुट्टीतल्या शिबिरातून थेट प्रयोगशाळेत. बरणीवरची चिठ्ठी अक्षरं लावून वाचली — य-ज-मा-न अळी. "आजी बाबांना तुझे यजमान म्हणते. मग ही अळी कुणाचा नवरा?"

सगळे हसले. मीही. म्हटलं, जिच्या जिवावर दुसऱ्याचं पोट भरतं ती यजमान. मग हात धुवायच्या निमित्ताने आत जाऊन रडून घेतलं. यजमान वर्षभर दुसऱ्या घरात राहतात, आणि मी अजून त्यांच्या चपलांची जागा रिकामी ठेवते. वेडीच मी.

शुक्रवार, १२ जून

काळीचं पिल्लू दांडगं. एकाच अळीत तांबडीचं अंडं आधी पडलेलं असलं तरी तिच्या पिल्लाला जबड्याने फाडतं. आईला सांगितलं तर खूश — "बघ, तूही माघार घेऊ नकोस. पोर आईचीच."

रविवार, १४ जून

खारू बाबांकडून आली. हल्ली धड जेवत नाही, नुसतं चिवडत बसते. तिची उजळणी घेतली. कुणाकडे राहायचं गं तुला?

"तुझं उत्तर सांगू का बाबांचं?"

दोन्ही पाठ आहेत तिला. 

मंगळवार, २३ जून

दोघींनी अंडी घातलेल्या बऱ्याच अळ्यांतून कुणीच निघालं नाही. ना तांबडी, ना काळी. अळ्या मात्र मेल्या.

साहेब म्हणाले, "पिकाला बरंच की." हो, पिकाला बरंच.

गुरुवार, २५ जून

वकीलबाईंना सांगितलं, अर्ज मागे घ्या, राहू दे तिला बाबांकडे. "अहो, जिंकत आलोय आपण!" म्हणाल्या. काळीज तुटतंय. आईला अजून सांगितलेलं नाही.

खारूला म्हटलं, आता तुला कुणी काही विचारणार नाही.

जेवली. मागून घेऊन जेवली.