बारा पेट्या

॥ श्री ॥
जोगेश्वरी, ता. ९ मे १९८६

चि. धोंडू यास काशीरामचे आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. गुडघा दुखतो, तेल चोळतो. उकाडा फार आहे. तुझी गाय व्याली का? दम्याचं औषध चुकवू नकोस.

तुझं पत्र मिळालं. तू लिहितोस, "सूनबाईने शेतकीवाल्याचं ऐकून पेटीत दोनच थर लावले, बाकी गवत. म्हणून आंबा नासला. आता जानकीला पेटीला हात लावू देणार नाही. दुसरी तोड पूर्वीसारखी ठासून भरणार." पोरीवर इतकं रागावू नये रे. नवीन आहे, शिकेल.

नाही, असं लिहून भागणार नाही. दोन कागद फाडले.

भरताना चूक झाली, असं मीच तुला कळवलं होतं. ते खोटं. आंबे झेल्याच्या जाळीत अलगद उतरवलेले, देठासकट, एकालाही डाग नव्हता. वर जानकीची चिठ्ठी होती: "मामंजी, पेट्या लगेच उघडा. आंबे गवतावर एका थरात पसरा, वारा लागू द्या." मी ती दोनदा वाचली.

पण पसरू कुठे? गिरणी सुटल्यापासून मी आमच्या नंदकुमारच्या खोलीत कोपरा धरून आहे. घरात मी दोनच पेट्या येणार म्हणून सांगितलं होतं. बारांतल्या दहा विकून चार दिवस तरी कुणापुढे हात पसरायचा नाही, असा माझा बेत. म्हणून घरात कुणी नसताना सगळ्या पोटमाळ्यावर चढवल्या. एकावर एक, बंद. वर तापलेला पत्रा, त्यात आणखी पेट्यांवर मी गोधडी टाकली.

सहाव्या दिवशी आमची सून मृणालिनी म्हणाली, "बाबा, माळ्यावर उंदीर मेलाय की काय?" नंदकुमारने गोधडी ओढली तर रस त्याच्या शर्टावर गळला. "बारा! आणि सगळ्या सडलेल्या. गावची माणसं काय वाट्टेल ते भरून पाठवतात!" मी मान हलवली. धोंडू, नुसती मान हलवली. मग तेच तुला लिहिलं.

आता जिन्यात कुणी भेटलं की वाटतं, विचारणार. संडासला जातानाही वास येतोसा वाटतो. दाराबाहेर जावंसं वाटत नाही आणि आत बसवत नाही.

दुसरी तोड जानकीच्याच हातून भरून घे. ठासून भरशील तर खालचा थर चिरडेल. मला एकही पेटी पाठवू नकोस. आपल्या गावचा जयवंत उद्या एस.टी.ने गावी निघतोय, पत्र त्याच्या हाती देतो, म्हणजे तोडीआधी पोचेल. जानकीला समोर बसवून सगळं वाचून दाखव.

इथे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तोंड उघडतो आणि पाणी मागतो. तू उत्तर पोस्टकार्डावर पाठव, पाकिटात नको. काय झालं ते मोठ्या अक्षरात लिही. टपाल दुपारी मृणालिनीच्या हातात पडतं.

सुनेपुढे मान खाली घातलेला,
तुझा थोरला भाऊ
काशीराम